घरी शिकणाऱ्या मुलांसाठी हाताने करायचे उद्योग: रंग, चिकणमाती, कागद आणि त्यातून निघणारा अभ्यास

होमस्कूलिंग सुरू झालं की बऱ्याच घरांत आधी घराचीच शाळा होते, म्हणजे भिंतीवर टाइमटेबल, वर्कशीटच्या प्रिंटा, समोर आई नाहीतर बाबा आणि दहाव्या मिनिटाला मूल टेबलाखाली. मग कोणीतरी सांगतं की क्राफ्ट करा, अ‍ॅक्टिव्हिटी करा, आणि आपण मोबाइल उघडून बसतो, तिथे हजारो आयडिया सापडतात, त्यातल्या निम्म्या कागदाच्या प्लेटला डोळे चिकटवायच्या. मजा येते थोडी, नाही असं नाही, पण ते झाल्यावर हातात काय राहतं हा प्रश्न उरतोच.

मी कुठलीही अ‍ॅक्टिव्हिटी निवडताना एकच गोष्ट बघते. हीच गोष्ट दोन मुलांना दिली तर दोन वेगळ्या गोष्टी तयार होतील का? दोघांचंही अगदी सारखंच होणार असेल, फोटोत दाखवल्यासारखंच, तर त्यात मुलाला ठरवायला काही उरलेलंच नाही, ते फक्त सूचना पाळतंय. त्याला मधे कुठेतरी थांबून विचार करावा लागला पाहिजे, "आता हे असं का झालं" किंवा "हे इथे लावू की तिथे", बस, तेवढं असलं की कला पण होते आणि अभ्यास पण होतो, दोन्ही वेगळे करत बसावं लागत नाही. खाली ज्या गोष्टी लिहिल्यात त्या याच चाळणीतून गेलेल्या आहेत.

आधी जागा आणि सामान. फार काही लागत नाही. घरातली एक जागा ठरवा जिथे सांडलं तरी कोणी ओरडणार नाही, खाली जुनी चादर नाहीतर प्लास्टिक, आणि काठ असलेला एक मोठा ट्रे, ट्रे असला की निम्मी कटकट संपते कारण पसारा ट्रेच्या आत राहतो. सामानात जाड कागद, पुठ्ठ्याची रिकामी खोकी, वॉटरकलर, मेणाचे खडू, स्केचपेन, कात्री, पांढरा गोंद, चिकटपट्टी, दोरा, फूटपट्टी, चिकणमाती नाहीतर क्ले. महागडे किट घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण किटमध्ये सगळं कापून मोजून दिलेलं असतं आणि मोजणं-कापणं हाच तर अभ्यास आहे. आणि हो, ग्लिटर आणू नका. ते घरातून कधीच जात नाही.

रंगांपासून सुरुवात

लहान मूल असेल, चार-पाच वर्षांचं, तर फक्त तीन रंग द्या, लाल, पिवळा, निळा, आणि एक पांढरा. बाकीचे लपवून ठेवा. हिरवा हवा असेल तर बनव म्हणायचं. एकदा हिरवा बनला की दुसऱ्या दिवशी म्हणायचं की बाहेरच्या झाडाच्या पानाचा जो हिरवा आहे ना, अगदी तो बनव, पान शेजारी ठेवून. इथे खरी गंमत सुरू होते, कारण पिवळ्या-निळ्याचा हिरवा भडक येतो आणि पानाचा तसा नसतो, त्यात थेंबभर लाल घालावा लागतो, हे तुम्ही सांगू नका, त्याचं त्याला सापडू दे. सापडायला वेळ लागतो आणि मधे भरपूर चिखलासारखा तपकिरी रंग तयार होतो, तो फेकून देऊ नका, झाडाच्या बुंध्याला लागतो.

दुसरं म्हणजे मेणाचा खडू आणि पाणी. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणाच्या खडूने दाबून काहीतरी लिहायचं किंवा काढायचं, काहीच दिसत नाही, मग वरून पातळ वॉटरकलर फिरवला की अक्षरं उमटतात, कारण मेण पाणी धरत नाही. मुलं एकमेकांना गुप्त पत्रं लिहायला लागतात आणि ज्याला लिहायचा कंटाळा आहे तो पण पानभर लिहितो. त्याच ओल्या रंगावर जाड मिठाचे दाणे टाका, पण कागद चकचकीत ओला असतानाच टाकायचे हे महत्त्वाचं, पाण्याचं डबकं असेल तर मीठ नुसतं विरघळतं आणि वाळत आला असेल तर काहीच होत नाही. नीट जमलं तर प्रत्येक दाणा आजूबाजूचं रंगीत पाणी स्वतःकडे ओढतो आणि चांदण्यांसारखे ठिपके तयार होतात. पूर्ण वाळल्यावर मीठ हाताने झटकायचं. मग मुलाला विचारा, बारीक मीठ टाकलं तर? साखर टाकली तर? एका कागदाचे चार भाग करून करून बघायचं आणि खाली काय टाकलं ते लिहायचं, झाला प्रयोग.

हळदीचा कागद

हा माझा अगदी आवडता उद्योग कारण एकाच कागदातून दोन वेगळे विषय निघतात. हळद पाण्यात दाटसर कालवून जाड कागदावर ब्रशने सगळीकडे लावायची आणि सावलीत वाळवायची. सावलीतच, उन्हात नाही, का ते पुढे येतं. कागद वाळला की दोन-तीन वाट्या ठेवा, एकीत कपड्याच्या साबणाचं पाणी, एकीत बेकिंग सोड्याचं पाणी, एकीत लिंबाचा रस. आता ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर चित्र काढायचं, आणि रंग न लावताच रेघ विटकरी लाल येते. सोड्याने जरा फिकट, नारिंगीकडे जाणारी. आणि लिंबाचा रस फिरवला की लाल परत पिवळं. म्हणजे लिंबू हे खोडरबर झालं.

यामागचं कारण थोडक्यात असं की हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, आम्लात पिवळाच राहतो आणि अल्कली म्हणजे साबणासारख्या गोष्टीत लालसर होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. मोठं असेल तर लाल कोबीचा रस काढून तसाच कागद बनवा, कोबी चिरून गरम पाण्यात ठेवला की जांभळं पाणी निघतं, त्याला आम्लात गुलाबी आणि अल्कलीत निळा-हिरवा रंग येतो, तीव्र अल्कलीत पिवळ्याकडे जातो, म्हणजे चित्राला जास्त रंग मिळतात. मग घरातल्या कुठल्या कुठल्या वस्तू आम्ल आणि कुठल्या अल्कली याची यादी मूल स्वतःच करत सुटतं. फक्त टॉयलेट क्लीनर, ब्लीच, ड्रेन क्लीनर या गोष्टींना हात लावू द्यायचा नाही, आणि दोन क्लीनर एकत्र तर अजिबात नाही, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू निघतो.

आता उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात उडतो, कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तसंच. मग हळदीच्या कागदावर एखादं नक्षीदार पान ठेवा, नेच्याचं असेल तर फारच छान, वरून काचेचा तुकडा किंवा फोटोफ्रेमची काच ठेवून पान दाबून बसवा (काचेच्या कडांना चिकटपट्टी लावलेली बरी) आणि कडक उन्हात ठेवून द्या. काही तास लागतात, ऊन मवाळ असेल तर जास्त. पान उचललं की खाली गडद पानाचा आकार आणि आजूबाजूचा कागद फिका. पाण्याऐवजी हळद रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घेतली तर रंग जास्त एकसारखा बसतो, पण ते काम मोठ्यांनी करायचं आणि विस्तवापासून लांब. हे चित्र कायम टिकत नाही, उजेडात ठेवलं की हळूहळू सगळंच उडतं, म्हणून वहीत मिटून ठेवायचं.

1842 मध्ये जॉन हर्शेल हे शास्त्रज्ञ फुलांच्या आणि पानांच्या रसांवर उन्हाचा काय परिणाम होतो हे असंच बघत होते, निळ्या छपाईची सायनोटाइप पद्धत त्यांनी त्याच वर्षी शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी ती वापरून समुद्री शेवाळांचे ठसे काढले आणि त्याचं पुस्तक केलं, फोटोंनी सजवलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. या ठशांना कॅमेरा लागत नव्हता, वनस्पती कागदावर ठेवून उन्हात धरायची एवढंच. मुलाने हळदीचा कागद केल्यावर हे सांगा, आधी नाही. आधी सांगितलं तर तो धडा होतो.

काळ्या शाईच्या पोटात काय आहे

लवकर होणारा उद्योग, पावसाळी दुपारी बरा. टिश्यू पेपर किंवा कॉफी फिल्टरची बोटभर रुंद पट्टी कापायची, खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर काळ्या स्केचपेनचा जाड ठिपका, पट्टी पेन्सिलीला चिकटवून ग्लासात लोंबकळत सोडायची, पाणी एवढंच की पट्टीचं टोक बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. इथेच सगळ्यांचं चुकतं, ठिपका बुडाला की शाई सरळ ग्लासात जाते. पाणी कागदातून वर चढतं आणि जाताना शाई घेऊन जातं, पण काळ्या शाईत बरेचदा दोन-तीन रंग असतात आणि प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने चढतो, त्यामुळे वर कुठे निळा, कुठे जांभळा, कुठे पिवळट पट्टा दिसतो.

याचा खेळ करा. तीन वेगळ्या कंपन्यांचे काळे पेन घ्या, त्यातल्या एकाने चिठ्ठी लिहा, आणि चिठ्ठी कुठल्या पेनाने लिहिली हे शोधायला सांगा. चिठ्ठीचा छोटा तुकडा कापून तो पण पाण्यात सोडायचा आणि पट्ट्या जुळवायच्या. एक पर्मनंट मार्कर मुद्दाम मधे ठेवा, तो पाण्याने हलतच नाही, मग हा का नाही हलला यावर चर्चा. वाळलेल्या पट्ट्या कापून कोलाजला वापरता येतात, असे रंग ब्रशने काढता येत नाहीत.

चिकणमातीचा डोंगर आणि नकाशा

नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, पुस्तकात बघितलं तर नुसत्या वेड्यावाकड्या रिंगणाच्या आत रिंगणं, मोठ्या मुलांनाही कळत नाहीत, पाठ करतात बिचारे. हा उद्योग केला की एका दुपारी कळतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

क्ले किंवा चिकणमातीचा डोंगर बनवायचा, सात-आठ सेंटिमीटर उंच, तळ सपाट. डोंगर कसा हवा ते मुलाने ठरवायचं, फक्त एवढं सांगा की एक बाजू कड्यासारखी उभी ठेव आणि दुसरी हळूहळू उतरती, दोन शिखरं केली तर अजून छान. आता दोन लांब काड्या घ्या आणि वरून सरळ खाली तळापर्यंत खुपसून आरपार भोकं पाडा, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, आणि काड्या काढून घ्या. ही भोकं विसरायची नाहीत, पुढे सगळं त्यांच्यावर आहे. दोन शिखरं केली असतील तर प्रत्येक शिखरातून एक भोक जाऊ दे.

मग फूटपट्टी डोंगराच्या बाजूला उभी धरून दर एक सेंटिमीटरवर चारी बाजूंनी टाचणीने खुणा करायच्या. ताणलेल्या दोऱ्याने वरून खाली एकेक थर कापत यायचं, दोरा दोन्ही हातात घट्ट धरून खुणांवरून आडवा ओढायचा, क्ले फार मऊ असेल तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की नीट कापली जाते. सगळे थर कापून झाले की सगळ्यात खालचा थर कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवायची आणि दोन्ही भोकांच्या जागी ठिपके द्यायचे. तो उचलायचा, त्यावरचा थर ठेवायचा, भोकं त्याच ठिपक्यांवर बसवायची, कड गिरवायची. असं वरपर्यंत. वरच्या थराला आता एकच भोक राहिलं असेल तर दिशा लक्षात ठेवून अंदाजाने ठेवायचा.

शेवटचा थर उचलला की कागदावर नकाशा तयार. आता थर पुन्हा एकावर एक रचून डोंगर शेजारी ठेवा आणि विचारा, कड्याची बाजू नकाशात कुठली? मूल बोट ठेवतं जिथे रेघा एकमेकांना चिकटल्यात. मग चालत जायचं असेल तर कुठल्या बाजूने चढशील? नदी कुठून खाली येईल? इथे तुम्ही गप्प बसलात तरी चालतं.

दोन मुलं असतील तर उलटं करायला द्या, एकाने मनाने समोच्च रेषांचा नकाशा काढायचा, दुसऱ्याने त्यावरून डोंगर बनवायचा, पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवले तरी चालतात. यात भांडणं होतात, "मी असा नव्हता काढला", आणि ते भांडण फार उपयोगी असतं कारण दोघंही नकाशाच वाचत असतात. मग रंगवायचं, खालचे थर हिरवे, वर जाताना तपकिरी, टोकाला पांढरे, म्हणजे अ‍ॅटलासमध्ये असे रंग का असतात तेही आलं.

पृथ्वी, चंद्र आणि पन्नास गोळ्या

क्लेचा मोठा गोळा घेऊन त्याचे पन्नास सारखे भाग करायचे. सारखे कसे करायचे हाच आधी मोठा प्रश्न, वळी करून फूटपट्टीने मोजायची की आधी दहा भाग आणि मग प्रत्येकाचे पाच, हे त्यालाच ठरवू दे. पन्नास भाग झाले की विचारा, पृथ्वी आणि चंद्र बनवायचे असतील तर किती गोळ्या कुणाला? अंदाज येतात, चाळीस-दहा, पस्तीस-पंधरा. उत्तर आहे एकोणपन्नास पृथ्वीला आणि एक चंद्राला. चंद्राचं घनफळ पृथ्वीच्या साधारण एकोणपन्नासाव्या भागाएवढं आहे. पण गोळे केल्यावर चंद्र एवढा काही लहान वाटत नाही, कारण त्याचा व्यास पृथ्वीच्या चौथ्या भागाहून थोडा जास्तच आहे, आणि व्यास चौपट की घनफळ चौसष्टपट हे सहावी-सातवीतलं गणित इथे हातात येतं.

मग दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं ते विचारा. पुस्तकातल्या चित्रांमुळे मुलं वीतभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट आहे, म्हणजे पृथ्वी पाच सेंटिमीटरची असेल तर चंद्र दीड मीटरवर. आणि या मापात सूर्य साडेपाच मीटर व्यासाचा होईल आणि जवळपास 590 मीटर लांब असेल, तेवढं एकदा चालून या सगळे मिळून. चंद्रावर टूथपिकने खड्डे करायचे, पृथ्वीवर खंडं रंगवायची, आणि काळोखात टॉर्चने चंद्राच्या कला बघायच्या.

याच धर्तीचा दुसरा उद्योग म्हणजे दोरीवरचा काळ. पृथ्वीचं वय साधारण 454 कोटी वर्षं. 1 मिलिमीटरला 10 लाख वर्षं धरली तर दोरी किती लांब लागेल? हिशोब मुलाने करायचा, 4 मीटर 54 सेंटिमीटर येतं. दोरी किंवा कागदाची लांब पट्टी भिंतीला लावा, एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरं टोक आज. आता आजच्या टोकापासून मोजत चित्रं काढून चिकटवायची. सूक्ष्म जीवांच्या जुन्या खुणा साधारण 350 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे साडेतीन मीटरवर. डायनासोर आले 23 कोटी वर्षांच्या आसपास, 23 सेंटिमीटर. ते गेले 6.6 कोटी वर्षांपूर्वी, फक्त 6.6 सेंटिमीटर. आणि माणूस, आपल्या जातीचा, साधारण 3 लाख वर्षं, म्हणजे 0.3 मिलिमीटर, पेन्सिलीच्या रेघेएवढा. माणसाचं चित्र चिकटवायला जागाच नसते, मग मुलं बाणबिण काढून काहीतरी जुगाड करतात. जवळपास सगळी चित्रं शेवटच्या अर्ध्या मीटरच्या आसपास गर्दी करतात आणि मागे मोठी रिकामी पट्टी राहते, तिथे काय होतं मग, हा प्रश्न मुलंच विचारतात.

फरशी बसवायचं गणित

पुठ्ठ्याचा चौकोन कापा, सहा-सात सेंटिमीटरचा. डाव्या बाजूतून कुठलाही वेडावाकडा तुकडा कापायचा, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तो तुकडा न उलटवता, न फिरवता, सरळ सरकवून उजव्या बाजूला चिकटपट्टीने लावायचा. मग वरच्या बाजूतून तसाच एक तुकडा कापून खालच्या बाजूला. झाला साचा. आता मोठ्या कागदावर साचा ठेवून कड गिरवायची, सरकवून शेजारी पुन्हा, असं कागद भरेपर्यंत, आणि मधे कुठेही फट राहत नाही. साचा फिरवून फिरवून बघायचा की यात काय दिसतंय, मासा, टोपी घातलेला म्हातारा, बूट, आणि तसे डोळे-नाक काढून रंगवायचं. एकाच चौकोनातून प्रत्येक मुलाचा वेगळा प्राणी निघतो.

फट का राहत नाही? कारण जेवढं इकडून काढलं तेवढंच तिकडे लावलं, क्षेत्रफळ तेच राहिलं आणि कडा एकमेकींत बसतात. पुढचा प्रश्न, सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले कुठले आकार असे बसतात? पुठ्ठ्याचे सुसम त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन कापून द्या आणि बसवायला सांगा. पंचकोनाला हमखास फट राहते. त्याचा कोन 108 अंशांचा, तीन ठेवले तर 324, चार ठेवले तर 432, 360 कधीच होत नाही. त्रिकोण, चौरस, षटकोन हे तीनच आकार बसतात, बाकी कुठला नाही. हे कोनमापकाने शोधलेलं मूल विसरत नाही.

दोन सपाट आरसे एका बाजूने चिकटपट्टीने जोडून पुस्तकासारखे उघडायचे आणि मधे रंगीत मणी, बटणं ठेवायची, हा याचाच पुढचा भाग. आरशांमधला कोन 90 अंश असेल तर मण्यासकट चार मणी दिसतात, 60 ला सहा, 45 ला आठ. कोनमापक ठेवून तक्ता करायला लावला की 360 ला भागायचा नियम मूल स्वतः काढतं.

आणि मोबियसची पट्टी तर पाच मिनिटांची गोष्ट. कागदाची लांब पट्टी, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवायचं, मग मधोमध रेघ ओढत जायचं, पेन न उचलता दोन्ही बाजूंना रेघ येते. त्या रेघेवरून कापलं तर दोन वेगळ्या पट्ट्या होतील असं वाटतं पण एकच लांब पट्टी होते. दुसरी पट्टी करून कडेपासून एक-तृतीयांशावर कापत गेलं की एकमेकांत अडकलेल्या दोन. कापायच्या आधी पैज लावायची.

हलणारी चित्रं

पुठ्ठ्याची गोल चकती, एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, डावी-उजवीकडे भोकं पाडून दोरे, पीळ देऊन ओढलं की पक्षी पिंजऱ्यात. मागचं चित्र पुढच्याच्या मानाने उलटं, म्हणजे डोकं खाली पाय वर असं काढायचं, नाहीतर पक्षी फिरताना उलटा दिसतो. यातून पुढे चिकट नोट्सच्या गठ्ठ्यावर फ्लिपबुक करायचं, सगळ्यात खालच्या कागदापासून सुरुवात करायची म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून पुसट दिसतं आणि त्याच्यापेक्षा थोडंसंच वेगळं काढता येतं. पहिला विषय सोपा घ्या, उसळणारा चेंडू. चेंडू वर जाताना हळू होतो आणि खाली येताना वेग घेतो, हे चित्रात आणायचं तर वरच्या टोकाला चित्रं जवळजवळ काढावी लागतात आणि खाली लांब लांब, आणि हे समजायला मूल खरा चेंडू घेऊन दहा वेळा टाकून बघतं. लिहायचा कंटाळा असलेल्या मुलांसाठी फ्लिपबुक फार चांगलं, गोष्ट सांगायला शब्द लागत नाहीत.

मिठाच्या पिठाचं लिहायचं राहिलंच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी, घट्ट मळायचं. पानांचे ठसे, शंख, बोटांचे ठसे यात छान उमटतात, जीवाश्म कसे होतात ते दाखवायला बरं. पातळ लाट्या दोन-तीन दिवस वाऱ्यावर वाळतात, मधे एकदा उलटायच्या. घरात कुत्रं असेल तर हे त्याच्या तोंडाजवळ नको, एवढं मीठ त्याला खरंच धोकादायक असतं. धोक्याचंच बोलतोय तर, लहान ताकदवान मॅग्नेट आणि पाण्यात फुगणारे मणी लहान मुलं असलेल्या घरात या उद्योगांसाठी आणूच नका, गिळले तर ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. कटर मोठ्यांच्या हातात.

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असतील तर वेगळे उद्योग शोधू नका, एकाच उद्योगात कामं वाटा. डोंगराच्या वेळी लहान्याने डोंगर बनवायचा, मधल्याने कापून गिरवायचं, मोठ्याने नकाशाला स्केल आणि उंचीचे आकडे लिहायचे. आणि आपण काय करायचं, तर हात मागे. वाकडं चिकटवलं असेल तर सरळ करायला जाऊ नका. "छान" हा शब्द पण जरा जपून, त्यापेक्षा "हे इथे लाल का केलंस?" असं विचारलं तर मूल पाच मिनिटं बोलतं. आणि एखादा उद्योग मधेच सोडला तर सोडू दे, आठवडाभर ट्रेमध्ये तसाच ठेवा, बरेचदा स्वतःहून परत येतात, नाही आले तर आवरून टाका.

नोंदी ठेवायच्याच, काही देशांत होमस्कूलिंगच्या नियमांप्रमाणे कामाचा पोर्टफोलिओ दाखवावा लागतो, आणि नसला लागत तरी वर्षाने बघायला बरं पडतं. सोपी पद्धत अशी, काम चालू असतानाचा एक फोटो आणि झाल्यावरचा एक, तारीख, आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली दोन वाक्यं, लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून घ्यायची पण दुरुस्त न करता. वस्तू सगळ्या ठेवायला गेलात तर घरात चालायला जागा राहणार नाही, म्हणून एक खोकं ठरवा, भरलं की नवीन ठेवण्यासाठी जुनं काय काढायचं ते मुलाने ठरवायचं. चिकणमाती मात्र वाळायच्या आत मोडून डब्यात घट्ट बंद करून ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून, पुढच्या डोंगराला तीच लागणार आहे.